शैला, तिथे ऑक्सिजन होता

शैला, तुझ्या शोकसभेत मला किळस आली. अशा वेळी 'दुःख झालं' असं लिहायची पद्धत आहे, आणि दुःख झालंच, पण ते घरी आल्यावर, फ्रीजमध्ये तुझा परत न केलेला डबा दिसला तेव्हा. हॉलमध्ये मात्र नुसती किळस. तू शेजारी असतीस तर कोपराने ढोसून म्हणाली असतीस, "वृंदे, तोंड सरळ कर, लोक बघतायत." पण तू समोर पडद्यावर होतीस, हिरवी थिएटर कॅप घातलेली, आणि तुझ्यामागे बासरी लावली होती.

बासरी. तू नॉटिंगहॅमच्या ऑपरेशन थिएटरमध्ये आधी कॅसेटवर आणि मग फोनवर लावण्या वाजवल्यास, गोऱ्या सर्जनांना त्या ठेक्यावर टाके घालायला लावलेस, आणि तुला निरोप बासरीचा. कुणाला विचारावंसंही वाटलं नाही. तो व्हिडिओ जोडणाऱ्या एडिटरच्या डोक्यात शोक म्हणजे बासरी आणि आफ्रिका म्हणजे ढोल असं काहीतरी ठरलेलं असणार, कारण तुझा चेहरा विरघळून मागे झोपड्या आल्या तेव्हा ढोलही वाजले. त्या झोपड्या तू जायचीस त्या गावातल्या नव्हत्याच. कुठल्या देशातल्या होत्या तेही मला माहीत नाही.

मग दिलीपराव उठले. आपल्या मराठी मंडळाच्या 'आफ्रिका कमिटी'चे अध्यक्ष म्हणून ते लंडनच्या स्टॅनमोरहून खास आले होते. काम एकाच देशात, घानात, तिथल्याही एकाच हॉस्पिटलात, पण नाव आफ्रिका कमिटी. यावरून तू त्यांना किती छळलंस. "दिलीपराव, तुम्ही पत्त्यात स्टॅनमोर, युरोप असं लिहिता का?" आणि ते हसून पुढच्या विषयाकडे वळायचे. परवा माइक हातात घेऊन ते म्हणाले, "जिथे काहीच नव्हतं, तिथे आमच्या शैलाताईंनी श्वास नेला." लोकांनी डोळे पुसले. मागच्या रांगेत कुणीतरी हुंदकाही दिला. आणि मग फिल्म लागली.

तीच फिल्म, शैला. चार वर्षांपूर्वीची. शेवटी फक्त एक नवी पाटी जोडलेली: 'डॉ. शैला स्मृती ऑक्सिजन निधी', त्याखाली तुझा फोटो आणि पैसे पाठवायचा कोड. ज्या हॉस्पिटलच्या मागच्या अंगणात तिथल्या सरकारने बांधलेला ऑक्सिजन प्लान्ट दिवसभर घरघरत असतो, त्या हॉस्पिटलला ऑक्सिजन देण्यासाठी तुझ्या नावाने निधी. मी तिथे बसून बघत राहिले. स्क्रिप्ट माझं, आवाज माझा. "इथे ऑक्सिजन नाही," असं मी पडद्यावरून सांगत होते, रेडिओवर वीस वर्षं कमावलेल्या त्या भरल्या आवाजात, आणि खुर्चीतली मी ते ऐकत होते. स्वतःच्या आवाजाची शिसारी येणं काय असतं ते मला तेव्हा कळलं.

लोक तुझ्याबद्दल बोलले ते सगळं तू ऐकलं असतंस तर तुला हसू आवरलं नसतं. तू आफ्रिकेला वाहून घेतलंस म्हणे. तू तर वर्षाच्या रजेतले तीन आठवडे वाहून घ्यायचीस, आणि तेही तिथल्या नर्सेसना भूल द्यायला शिकवायला. पहिल्या खेपेहून आलीस तेव्हा माझ्या किचनमध्ये उभ्या उभ्या पोहे खात म्हणाली होतीस, "वृंदे, माझ्यावाचून तिथे काही म्हणजे काही अडत नाही. म्हणून तर परत जावंसं वाटतं." मला ते कळलं नव्हतं. मला वाटलं, नम्रपणा करतेयस. तुझ्या अंगात नम्रपणाचा अंशही नव्हता हे इतक्या वर्षांच्या मैत्रीत कळायला हवं होतं.

तुझं नाव तिथे अफिया. शुक्रवारी जन्मलेल्या मुलीचं त्यांच्यात ते नाव. तुझा वार कुठला हे तुलाच माहीत नव्हतं, तर तिथल्या मेट्रनने, कम्फर्टने, फोनवर तारीख टाकून काढला होता. तेव्हापासून डॉक्टर अफिया. त्या नावाने कुणी हाक मारली की तू लाजायचीस, आणि तुला लाजताना मी दुसरीकडे कुठेच पाहिलं नाही.

दुसऱ्या खेपेहून तू मला एक पावती आणून दाखवलीस. साबण, बिस्किटं आणि टोमॅटोचा डबा. त्यावर आरोग्यविम्याचा कर वेगळ्या ओळीत छापलेला होता. "हे बघ," तू म्हणालीस, "साबणाच्या वडीवरसुद्धा. कोपऱ्यावरच्या दुकानात गेलेली कुठलीही बाई दवाखान्यासाठी पैसे देऊन येते. आणि आपल्याकडचे लोक म्हणतात, आपण त्यांना दवाखाना दिला." मी म्हणाले, "बरं बाई," आणि पावती तुला परत दिली. मला तेव्हा चहा उकळतोय की काय याची काळजी होती.

त्यांचं सरकार तुला फार आवडत होतं असंही नाही. शिकून तयार झालेल्या नर्सेसना नोकरीवर घ्यायला वेळ लावतात, विम्याचे पैसे हॉस्पिटलला उशिरा पोचतात, यावरून तू तिथल्या अधिकाऱ्यांशी भांडून यायचीस आणि इथे येऊन माझ्याशी तेच भांडण पुन्हा भांडायचीस, मी जणू त्यांची आरोग्यमंत्री. पण त्यात आदर होता. तू त्यांना जाब विचारत होतीस, कारण जाब विचारण्याजोगं तिथे काहीतरी उभं होतं. आमच्या कमिटीला मात्र तिथे काहीच उभं नको होतं. रिकाम्या जागेसाठीच देणग्या मिळतात.

आणि तुझी ती दुसरी तक्रार. तिच्यावर तर मी तुला गप्प करायचे. "इथे आपल्याच वॉर्डात बघ, चार नर्सेस घानाच्या. त्यांच्या लोकांच्या पैशावर शिकलेल्या, आपण इथे आणलेल्या. आणि मग आपणच तिकडे कॅमेरा घेऊन जायचं, अरेरे, नर्सेस नाहीत. आपल्या कॉरिडॉरमध्ये म्हातारी नऊ तास ट्रॉलीवर पडलेली असते, तिच्यावर काढ की फिल्म. लाव बासरी." खरंच बासरी म्हणाली होतीस. मी हसले होते.

आता त्या शूटिंगबद्दल लिहिते. ते आपण कधीच नीट बोललो नाही.

मी तुझ्याबरोबर तिकडे आले ती मंडळाची 'कम्युनिकेशन्स'वाली म्हणून. रेडिओ सोडल्यावर रिकामी होते, दिलीपरावांनी विचारलं, मी हुरळले. दोन बॅगांत औषधांपेक्षा शाली जास्त भरल्या होत्या, कारण शाल-श्रीफळ दिल्याशिवाय आपलं कुठलंच काम पार पडत नाही. नारळ तिथेच घ्यायचे ठरले. हॉस्पिटलच्या फाटकाबाहेर नारळवाल्यांची रांगच होती. त्या लोकांना कळेना की समोर ढिगाने मिळणारी वस्तू या बायका लंडनहून येऊन सत्कारात का देतात. कम्फर्ट मला बाजूला घेऊन म्हणाली, "प्लीज मॅडम, हा आत्ताच प्यायचा आहे का?" तू इतकी हसलीस की तुला खाली बसावं लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू थिएटरमध्ये होतीस. आम्ही बाळांच्या वॉर्डाबाहेर कॅमेरा लावला. दाराशी हात-दीड हाताचा निळा बोर्ड होता, की या वॉर्डाची ऑक्सिजन लाइन सरकारी निधीतून, जनतेच्या करातून बसवली आहे. कॅमेरावाला म्हणाला, बोर्ड फ्रेममध्ये येतोय, कन्फ्युजिंग वाटतं. मी बॅगेतून एक शाल काढली आणि त्या बोर्डावर टाकली. मोतिया रंगाची, जरीच्या काठाची. नवा मॉनिटर मी नर्सला आत न्यायला सांगितला. तिने विचारलं, का? मी म्हणाले, उजेड पडतो त्याच्यावर. एक आजी नातवाला पुठ्ठ्याने वारा घालत बसली होती, उकाड्यामुळे. बाळ ठणठणीत होतं, लस टोचायला आणलेलं. आम्ही त्या पुठ्ठ्याचं जवळून शूटिंग केलं आणि त्यावर माझा आवाज टाकला, इथे ऑक्सिजन नाही.

दुपारी सत्कार झाला. कम्फर्टच्या खांद्यावर मी शाल घातली. तीच, शैला. बोर्डावरून काढून घडी घातलेली वरच ठेवली होती, ती हाताला लागली. कम्फर्टने ती एकदा चाचपली आणि माझ्याकडे पाहिलं. सकाळी वॉर्डाच्या खिडकीत ती उभी होती हे मला माहीत होतं. ती "थँक यू, मॅडम" म्हणाली आणि टाळ्या झाल्या.

स्टॅनमोरच्या त्या डिनरला फिल्म पहिल्यांदा दाखवली तेव्हा लोक रडले आणि मग गुलाबजाम घ्यायला उठले. तू जेवली नाहीस. परतताना एम-वन हायवेवर तू गाडी चालवत होतीस, आणि विषय काढलास तो थेट वाटेतल्या सर्व्हिसेसच्या थांब्यावर, चहाचे कागदी कप समोर आल्यावर.

"बोर्ड कुठे गेला?"

"फ्रेममध्ये येत होता. शाल टाकली त्याच्यावर."

"कुणी?"

"मी."

तू चहा ढवळलास. मग म्हणालीस, "वृंदा, तुझ्या पोरीला लस टोचायला नेली असतीस आणि कुणी येऊन फिल्म काढली असती की ही बघा, मरायला टेकलीय, तर तू काय केलं असतंस?" मी म्हणाले, "पैसे चांगल्या कामाला जातील. लोकांना खरं दाखवलं तर ते खिशात हात घालत नाहीत, हे रेडिओत मी वीस वर्षं पाहिलंय." तू म्हणालीस, "मग नाही घातला तर नाही." आणि उठून गाडीत जाऊन बसलीस. हेच आपलं न संपलेलं भांडण. त्यानंतर आपण शेकडो वेळा भेटलो, गणपतीचे मोदक केले, मोहन गेला, तू घरात एकटी पडलीस, तेव्हा तुझ्याकडे मी पंधरा दिवस राहिले, पण तो चहा तसाच अर्धा राहिला.

पुढचं तू मला सांगितलंस तेव्हा मी कबूल करायला हवं होतं. फिल्म इंग्रजीतही होती, इंटरनेटवर होती, ती फिरत फिरत त्यांच्याच गावात पोचली. व्हॉट्सअ‍ॅपवर. गरोदर बायका हॉस्पिटलला येईनात. म्हणायच्या, लंडनच्या डॉक्टरांनीच सांगितलंय, तिथे बाळांना हवा नाही. फिल्ममध्ये कम्फर्टचा वॉर्ड, तिच्या भिंती, तिच्या नर्सेस, सगळं ओळखू येत होतं. त्या भीतीने एक बाई घरीच बाळंत झाली. रक्त थांबेना तेव्हा टॅक्सीत घालून आणली. ती वाचली नाही. तिचं नाव आबेना. मंगळवारी जन्मलेली. तू ते नाव तीनदा उच्चारलंस आणि मी तिन्ही वेळा म्हणाले, "हे फिल्ममुळेच झालं असं कशावरून?"

वर आणखी एक तमाशा. तिथल्या एका वर्तमानपत्राने फिल्म पाहून विचारलं की ऑक्सिजन नसेल तर आमच्या कराचा पैसा गेला कुठे. रास्त प्रश्न. मग वरच्या कुठल्याशा कचेरीतून पत्र आलं की प्लान्ट चालू असल्याचा पुरावा मिळेपर्यंत देखभालीचा निधी थांबवला आहे. कम्फर्ट आणि तिच्या नर्सेस महिनोन्‌महिने, असलेला ऑक्सिजन आहे, हे सिद्ध करत बसल्या. फोटो पाठवले, रजिस्टरं पाठवली, इन्स्पेक्टर येऊन गेले. तेवढ्या वेळात प्लान्टचा एक पार्ट बिघडला आणि निधी थांबलेला म्हणून मिळेना. चार दिवस तिथे खरोखरच ऑक्सिजन नव्हता. सिलिंडर उसने आणावे लागले. म्हणजे माझं वाक्य मी खरं करून दाखवलं.

हे तू मला फोनवर सांगितलंस तेव्हा तुझा आवाज चढला नव्हता, त्याचीच मला भीती वाटली. तू दोनच गोष्टी मागितल्यास. फिल्म काढून टाकायची आणि मंडळाच्या अंकात एक पान माफीचं. मी म्हणाले, ट्रस्टींना विचारावं लागेल. पुढच्या मीटिंगला घेते. पुढच्या मीटिंगला दिवाळीच्या हॉलचं भाडं होतं. त्याच्या पुढच्या मीटिंगला दिलीपरावांच्या सुनेचं काहीतरी होतं. खरं सांगायचं तर विषय मी एकदाही काढला नाही. अंकात एक पान लिहायचं म्हणजे शाल लिहावी लागली असती.

मग तुझं पोट दुखायला लागलं आणि सगळंच बदललं. शेवटचे दिवस काढायला तुला हॉस्पिसमध्ये ठेवलं, तिथे तू खिडकीकडे तोंड करून पडलेली असायचीस. मी रोज यायचे, तुझ्या पायांना तेल लावायचे, कॉलनीतल्या बायकांच्या चुगल्या सांगायचे. एका मंगळवारी तू मान वळवलीस आणि विचारलंस, "तो व्हिडिओ काढलास का ग?"

मी म्हणाले, "हो."

तू माझा हात हातात घेऊन तसाच धरून ठेवलास. "बरं केलंस," म्हणालीस, आणि झोपलीस. त्यानंतर नऊ दिवस होतीस. नऊ दिवसांत मला खरं सांगता आलं असतं, किंवा मी दिलेलं उत्तर खरं करता आलं असतं. मी दोन्ही केलं नाही. मला वाटलं, आता काय फरक पडतो, हिला शांत वाटतंय ना. तुला शांत वाटावं म्हणून नाही, मला सुटल्यासारखं वाटत होतं म्हणून मी गप्प बसले.

आता शोकसभेचा शेवट. कम्फर्टला व्हिडिओवर दोन मिनिटं बोलायला सांगितलं होतं. लॅपटॉप माझ्याकडे, अशी कामं माझ्याकडेच असतात. ती काळ्या-लाल कपड्यात होती, मागे भिंतीवर तुझा मोठा फ्लेक्स, कारण त्यांच्यात माणूस गेल्यावर आठवड्याने सगळे जमतात आणि अशी मोठी छबी लावतात. हॉस्पिटलच्या अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या. नर्सेस होत्या, ड्रायव्हर होते. तुझ्यासाठी, शैला, आणि ढोल नव्हते, सगळे गप्प बसले होते. आमच्या बाजूची फिल्म त्यांनी नुकतीच पाहिली होती. कम्फर्टच्या चेहऱ्यावरून मला ते कळलं.

ती म्हणाली, "डॉक्टर अफिया आमची बहीण. तिने आम्हाला काही दिलं नाही, तिने आम्हाला शिकवलं. आत्ता तुम्ही जे दाखवलंत ते खरं नाही. हा वॉर्ड आमच्या लोकांनी आपल्या पैशाने..."

दिलीपरावांनी माझ्याकडे बघून घड्याळावर बोट टेकवलं. मी कम्फर्टचा आवाज बंद केला.

ती बोलत राहिली. ओठ हलत होते. तिला माहीत नव्हतं. अर्धं मिनिट तरी ती हॉलभर माणसांशी बोलत होती आणि एकालाही ऐकू येत नव्हतं. दिलीपराव माइकवर म्हणाले, "तिकडचं नेटवर्क, काय करणार, आफ्रिका आहे." लोक समजूतदारपणे हसले. मीही चेहरा तसाच केला. शैला, आयुष्यात मी बऱ्याच क्षुद्र गोष्टी केल्या असतील, पण माझ्या बोटाची मला इतकी घाण कधी वाटली नव्हती.

तुझी ईशा मँचेस्टरहून आली होती, पुढच्याच रांगेत होती. चहाच्या टेबलापाशी ती माझ्याजवळ आली. रडलेली नव्हती. "मावशी, एक विचारू? आईने मला सांगितला होता की तो फिल्म is gone. तू काढला म्हणून. She was really happy about it. मग आज काय होता ते?"

"ईशा, मी काढली नव्हती."

"पण तू तिला सांगितलास."

"हो."

"Right," ती म्हणाली. तिने कप खाली ठेवला. "आणि नेटवर्क? ते पण तू?"

मी हो म्हणून मान हलवली. मला वाटलं ती ओरडेल. तुझ्यासारखीच, ओरडली नाही. दिलीपराव तिथेच होते, त्यांच्याकडे वळून ती नीट, शाळेत शिकलेल्या मराठीत म्हणाली, "काका, माझ्या आईचा नाव त्या फंडवर नाही लागणार. तुम्ही ते काढून टाका, please. मी हे लिहून पण देते." दिलीपराव म्हणाले, "अगं बेटा, तू आत्ता इमोशनल आहेस, आईच्या स्मृतीसाठीच तर..." ती म्हणाली, "नाही काका. मी इमोशनल नाही." आणि तिने कोट घातला. मला तिने जवळ घेतलं नाही, आणि मला ते योग्य वाटलं.

आज रविवार. सकाळी मी कम्फर्टला फोन लावला. आवाज बंद मी केला, हे आधी सांगून टाकलं. ती म्हणाली, "मला वाटलंच होतं, मॅडम. तुमचा चेहरा दिसत होता." मग मी फिल्मचं सांगितलं, काढलेली नाही, कधीच नव्हती. पलीकडे बराच वेळ काही नाही. मला वाटलं आता खरंच नेटवर्क गेलं. मग तिने विचारलं, "मॅडम, प्लीज, डॉक्टर अफियाला हे माहीत होतं का?"

मी म्हणाले, नाही.

ती म्हणाली, तुझा तिला शेवटचा फोन आला होता तो त्याच मंगळवारी. तुला धाप लागत होती, तरी तू सांगितलंस की माझ्या मैत्रिणीने फिल्म काढून टाकली, आता बायकांना सांगा, भिऊ नका म्हणावं. आणि कम्फर्टने सांगितलं. गरोदर बायकांच्या तपासणीच्या दिवशी सगळ्यांसमोर उभं राहून सांगितलं, की ज्यांनी ते खोटं पसरवलं त्यांनीच ते मागे घेतलंय. "आता फिल्म पुन्हा आली आहे," ती म्हणाली, "तिच्या फोटोसकट. आता त्या मला विचारतील, तुझी डॉक्टर अफिया खोटं बोलली होती का? मी काय सांगू?"

"माझं नाव सांगा," मी म्हणाले. "वृंदा खोटं बोलली. मी तसं लिहूनही देते, तुमच्या बोर्डावर लावा." ती म्हणाली, "लिहा. आधी लिहा, मग बघू." तिचा विश्वास बसला नव्हता आणि का बसावा.

दिलीपरावांना मी राजीनामा पाठवला आहे. सोबत एक पान, शालीसकट, सत्कारासकट, आबेनाच्या नावासकट. ते छापणार नाहीत, मला माहीत आहे. म्हणून ते कम्फर्टला पाठवलं, ईशाला पाठवलं, आणि प्रत्येक सभासदाला माझ्या ईमेलवरून पाठवलं. उत्तरं यायला लागली आहेत. एकाने लिहिलंय, 'वृंदाताई, धुणी अशी चव्हाट्यावर धुवायची नसतात.' दुसरीने विचारलंय, मग मी दिलेल्या देणगीचं काय झालं. तिला खरं उत्तर द्यायचं आहे, जेवढं मला माहीत आहे तेवढं.

लोकांच्या फोनवर जाऊन बसलेली ती फिल्म आता कुणालाच काढता येणार नाही. पण मंडळाच्या चॅनेलवरची निघाली. ते तुला सांगायचं होतं, त्यासाठीच हे सगळं लिहायला बसले. इतके दिवस मी तुला सांगत होते की ट्रस्टींना विचारावं लागेल, टेक्निकल आहे, वेळ लागेल. चॅनेल मीच चालवायची, पासवर्ड पहिल्यापासून माझाच होता. मी फोन उघडला, फिल्मवर बोट दाबून धरलं, नक्की काढायची का असं त्याने विचारलं, मी हो म्हणाले. मिनिटसुद्धा लागलं नाही, शैला. आणि हॉस्पिसमध्ये तू विचारलंस तेव्हा फोन माझ्या हातातच होता.